जुन्या जीपचा पुढील आंस व नव्या कमानी

बैलगाडीचें चाक काढून आंसास वंगण घालण्याचें काम आमच्या बहुतेक वाचकांनीं लहानपणीं पाहिलें असेल, व पुष्कळांनीं स्वतः केलेंही असेल. साट्याखालीं टेकू द्यावा, चाक ओढून काढावें, आंस पुसून वंगण भरावें व चाक परत चढवावें, घटकाभराचें काम. ज्या घरीं अशी गाडी होती त्यांपैकीं कित्येकांच्या गोठ्याशेजारीं पुढें जीप येऊन उभी राहिली, व ती अद्यापि तेथेंच आहे. तिचाही पुढील आंस केव्हां ना केव्हां काढावा लागतोच. परंतु हें काम बैलगाडीच्याच सवयीनें, म्हणजे दोन दगड, एक बल्ली व चार माणसांचें बळ एवढ्यावर उरकूं पाहणारे लोक आमच्या पाहण्यांत आहेत, आणि त्यापायीं काय होतें हेंही आमच्या पाहण्यांत आहे. म्हणून या एकाच कामाविषयीं जरा विस्तारानें लिहिण्याचें योजिलें आहे.

कांहीं वर्षांमागील गोष्ट. शेजारच्या गांवीं एका द्राक्षबागाइतदाराच्या खळ्यांत जीपच्या पुढल्या कमानी बदलण्याचें काम चाललें होतें. चासी जॅकनें उचलून तिच्याखालीं सिमेंटचे पोकळ ठोकळे रचले होते. घरचाच एक तरुण मुलगा खालीं निजून गंजलेली खिळी हातोड्यानें ठोकीत होता. चौथ्या कीं पांचव्या ठोक्यास एक ठोकळा फुटला व गाडी खालीं आली. कोणीतरी, बहुधा जागा अडते म्हणून, काढलेलें चाक चासीखालीं आडवें सरकवून ठेविलें होतें; गाडी त्या चाकावर अडली, म्हणून मुलाचा जीव वाचला. उजव्या हाताचा कोपर मात्र मोडला, व तो हात आजही पाठीवरच्या फवारणीपंपाचा दांडा नीट ओढूं शकत नाहीं. आम्ही त्या वेळीं तेथें उभे होतों. ठोकळे रचतांना आम्हींही पाहिले होते, आणि आम्हीं कांहीं बोललों नाहीं.

आतां या गाडीविषयीं थोडेसें. दुसऱ्या महायुद्धांत, १९४१ पासून १९४५ पर्यंत, अमेरिकेच्या सैन्याकरितां विलिस व फोर्ड या दोन कारखान्यांनीं जीपगाड्या काढल्या. युद्ध संपतांच १९४५ मध्यें विलिसनें सीजे-२ए ही नागरी जीप बाजारांत आणली, व तिचें मुख्य गिऱ्हाईक शेतकरी हेंच धरलें होतें. मागें नांगर वा गाडा ओढण्याची सोय, आणि एंजिनची शक्ति बाहेर घेऊन करवत किंवा पंप चालविण्याचीही सोय. आपल्याकडे स्वातंत्र्यप्राप्तीच्या सुमारास मुंबईच्या महिंद्र कंपनीनें विलिसचे सुटे भाग आणवून जीप जोडण्यास आरंभ केला. पुढें १९५३ मध्यें निघालेली उंच नाकाडाची सीजे-३बी ही जात आपल्या खेड्यांत सर्वांत अधिक रुळली. अमेरिकेंत ती १९६८ मध्यें बंद झाली, परंतु हिंदुस्थानांत त्यानंतरही पुष्कळ वर्षें बनत राहिली. आमची स्वतःची जीप याच जातीची आहे, व पुढें जें लिहिलें आहे तें तिच्यावरील अनुभवास धरून आहे.

या गाडीस चारही बाजूंस पाट्यांच्या कमानी असतात. कमानीचें एक टोंक खिळीनें चासीस पक्कें असतें व दुसरें झुलत्या कडीस, म्हणजे शॅकलास, बांधलेलें असतें. कारण भार पडला म्हणजे कमान सरळ होते व तिची लांबी वाढते, त्या वाढीस कोठें तरी वाव हवा. पुढल्या कमानींत ही झुलती कडी पुढल्या टोंकास आहे, हें ध्यानांत ठेवावें. पाटे दोन कारणांनीं मरतात. एक, पाट्यांच्या मधील गंज, ज्यामुळें पाटे एकमेकांवर सरकतनासे होतात, गाडी आदळूं लागते व शेवटीं एखादा पाटा तडकतो. दुसरें, नेमल्यापेक्षां अधिक भार. मूळच्या पेट्रोल एंजिनाच्या जागीं मागाहून जड डिझेल एंजिन बसविलेल्या जीपा आपल्याकडे कांहीं थोड्या नाहींत. त्यांच्या पुढल्या कमानी लौकर बसतात. नव्या कमानी आणतांना दुकानदारास एंजिन कोणतें आहे हें सांगितलेंच पाहिजे.

जुने पाटे भट्टींत तापवून परत वांकवून घ्यावेत व पैसे वांचवावेत अशी पुष्कळांची समजूत आहे. विळ्यास पाणी देण्याचें महत्त्व ज्यांस ठाऊक आहे त्यांस याचें उत्तर आम्हीं सांगावयास नको. तापविलेल्या पाट्याचें पाणी उतरतें. तें योग्य उष्णतेवर पुन्हां दिलें नाहीं तर पाटा दिसावयास गोल दिसतो, पण एका हंगामांत बसतो, व जास्त कडक झाला तर मोडतो. आम्हीं हा प्रयोग पूर्वीं एकदां केला होता. पैसे वांचले नाहींत.

प्रश्न असा येतो कीं, कमानीच बदलावयाच्या तर एकेक बाजू उचलून बदलाव्या, सबंध आंस कशास काढावा? एका बाजूनें कमान बदलतां येते हें खरें. परंतु या जीपमध्यें आंस कमानीच्या वर बसलेला असतो व कमान त्याच्या खालून यू-बोल्टांनीं आवळलेली असते. आंस तसाच ठेवून काम केलें म्हणजे माणसास खालीं निजून, डोक्यावर सबंध पुढला भार घेऊन, गंजलेल्या बोल्टांशीं झुंजावें लागतें, आणि तेंही दोनदां. शिवाय आंसाचें जें अंग कधींच दिसत नाहीं तें तसेंच अदृष्ट राहातें. आंस बाहेर काढला कीं उरलेलें काम बैठकीवर बसून, उजेडांत होतें. यामुळें गाडीखालीं घालविण्याचा वेळ निम्म्यावर येतो, व आमच्या मतें हेंच सर्वांत मोठें कारण आहे.

काम करण्याच्या दोन दिवस आधींपासून सर्व नट-बोल्टांवर रॉकेल व एंजिनचें तेल यांचें मिश्रण सकाळ-संध्याकाळ सोडीत जावें. फरशी किंवा चोपलेली टणक जमीन पाहावी; खळ्याची सारवलेली जमीन जॅकखालीं दबते. मागील दोन्ही चाकांस पुढूनमागून लांकडी पाचरा माराव्या. हाताच्या ब्रेकवर विसंबूं नये. नंतर गाडी जमिनीवर उभी असतांनाच पुढल्या चाकांचे नट नुसते ढिले करून घ्यावे. येथेंच पहिली फसगत होते. या जुन्या जीपांत उजव्या बाजूच्या चाकांचे आटे सरळ असतात, परंतु डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात. चाक पुढें फिरतांना नट आपोआप सुटूं नयेत यासाठीं मूळ कारखान्यानें ती योजना केली होती. म्हणजे डाव्या चाकाचा नट उजवीकडे फिरविला असतां सुटतो. हें ठाऊक नसलेला गडी पान्यास लांब नळी लावून जोर करतो, व नट सुटण्याऐवजीं आवळत जाऊन शेवटीं बोल्ट तुटतो. एका गावच्या दुकानांत आमच्याच गाडीचे दोन बोल्ट असे तुटले, व ‘गंज फार होता’ असें आम्हांस सांगण्यांत आलें. बोल्टाच्या टोंकावर इंग्रजी ‘एल’ हें अक्षर कोरलेलें आहे काय तें चिंधीनें पुसून पाहावें. कांहीं गाड्यांचे आटे मागाहून बदललेलेही असतात, म्हणून पाहिल्याशिवाय कोणतीच दिशा धरूं नये.

आतां गाडी उचलून टेकू द्यावयाचा, व तो चासीसच द्यावयाचा. पुढल्या कमानीचें मागलें टोंक जेथें चासीस मिळतें त्याच्या किंचित् मागें, दोन्ही बाजूंस. लोखंडी घोड्या मिळत असतील तर त्या आणाव्या. नसतील तर जुन्या रेल्वे-स्लीपरचे तुकडे आडवेउभे रचून त्यांची चौकड करावी. विटा, दगड व सिमेंटचे पोकळ ठोकळे यांस हात लावूं नये. लांकूड तुटण्यापूर्वीं कुरकुरतें, ठोकळा कुरकुरत नाहीं. टेकू दिल्यावर गाडीस खांद्यानें चांगलें हलवून पाहावें, व ती पडावयाची असेल तर कोणी खालीं नसतांना पडूं द्यावी. मग दोन्ही चाकें काढून चासीखालीं आडवीं सारावीं. काम संपेपर्यंत तीं तेथून हलवूं नयेत, कितीही अडचण झाली तरी.

सोडवावयाच्या गोष्टी थोड्या आहेत. चासीवरून आंसावर उतरणारी ब्रेकची रबरी नळी सोडावी व तिचें तोंड लांकडी बुचानें बंद करावें. हें तेल रंगावर सांडल्यास रंग उठतो. सुकाणूंपासून येणारा दांडा सोडावा. शॉकॲबचीं खालचीं टोंकें सोडावीं. पुढल्या आंसास शक्ति देणारा फिरता दांडा डिफरन्शियलपाशीं सुटा करावा, व सुटतांच त्याच्या जोडावरच्या दोन्ही टोप्या सुतळीनें अगर तारेनें बांधून टाकाव्या. त्या टोप्यांत सुईएवढे बारीक रूळ असतात. टोपी निसटली तर ते मातींत विखुरतात व संध्याकाळपर्यंत सबंध घर ते वेंचीत बसतें.

आंसाच्या खालीं जॅक लावून त्याचा भार झेलावा. डिफरन्शियलचा गोळा मधोमध नसून एका अंगास आहे, त्यामुळें आंसाचा तोलही मधोमध नाहीं. म्हणून दोन्ही टोंकांशीं एकेक माणूस हवाच. मग कमानींच्या मागल्या खिळ्या व पुढल्या शॅकल काढावयाच्या. खिळी अडली तर घण शोधूं नये. जॅक थोडा वर किंवा थोडा खालीं करावा. कमानीवरचा भार ना वर ना खालीं असा सम झाला कीं खिळी हाताच्या हातोडीनें सरकते. त्या तरुण मुलाच्या गाडींत अडलेली खिळी, आम्हांस आतां वाटतें, गंजानें अडली नव्हती. उंची चुकली होती.

मूळच्या शॅकलांचीही एक खुबी आहे. त्यांच्या टोंकांस आटे असून त्यांवर आट्यांचेच बुश फिरतात, व त्यांपैकीं कांहींचे आटे उलटे असतात. उलट्या आट्याच्या शॅकलाच्या पायावर लहानसा उंचवटा व त्याच्या बुशाच्या डोक्याभोंवतीं खांच ठेविलेली असते. काढतांना कोणता कोठला हें खडूनें लिहून ठेवावें. पुष्कळ गाड्यांत हे जाऊन साधे बुश आलेले आहेत. तेथें हा प्रश्न नाहीं.

सर्व सुटलें म्हणजे जॅक हळूहळू उतरवून कमानींसह आंस खालीं ठेविलेल्या फळ्यांवर बसवावा व पुढें ओढून घ्यावा. आम्ही, आमचा पुतण्या व एक मिस्त्री अशा तिघांनीं तो दुपारच्या जेवणापूर्वीं बाहेर काढला.

आंस धुतल्यावर जें दिसलें त्यासाठींच हा लेख लिहावा असें आमच्या मनांत आलें. गेलें वर्षभर ब्रेक दाबला कीं आमची जीप उजवीकडे ओढ घेत असे. कमान बसली आहे म्हणून असें होतें, अशी आमची खात्री होती, व गांवच्या मिस्त्रीचीही. त्या भरंवशावर त्याच गाडींतून आम्हीं खोडवा तोडणाऱ्या बायका शेतावर नेल्या, नातवंडें शाळेंत पोंचविलीं. आंसावर एक लहानसें श्वासरंध्र असतें. आंस तापला म्हणजे आंतील हवा त्यांतून बाहेर पडते. आमच्या आंसाचें हें रंध्र ओढ्याच्या चिखलानें दगडासारखें बुजलें होतें. हवेस वाट न मिळाल्यानें तिनें तेल रेटलें. तें आंतील सील ओलांडून डाव्या चाकाच्या गोल घरांत गेलें, तेथून चाकाच्या बेअरिंगांत, व तेथून ब्रेकच्या पट्ट्यांवर. डावा ब्रेक तेलानें बुळबुळीत झाला होता, उजवा एकटाच पकडीत होता, म्हणून गाडी उजवीकडे ओढत होती. कमानीचा त्यांत कांहींही दोष नव्हता. घाटाच्या उतारावर याचें काय झालें असतें याचा विचार आम्हीं त्या दिवशीं फार केला.

तेव्हां आंस बाहेर असतां श्वासरंध्र तारेनें साफ करावें. चाकाजवळील गोळ्यांवर गंजाचे खड्डे आहेत काय पाहावें. खड्डे असल्यास फेल्टचें सील तेथें फाटतें व पावसाचें पाणी आंत जातें. किंगपिनची बेअरिंगें धरून हलवून पाहावीं. नळीच्या जोडावर व कमान बसते त्या बैठकींवर तडे शोधावे. ब्रेकमधील धूळ तोंडानें किंवा हवेनें फुंकूं नये, ओल्या फडक्यानें टिपून घ्यावी. जुन्या पट्ट्यांत ॲस्बेस्टॉस असे, व ती धूळ फुप्फुसास घातक असल्याचें आतां निर्विवाद ठरलें आहे. तेल प्यालेल्या पट्ट्या धुवून परत लावण्याचा मोह टाळावा. आमच्या उजव्या कमानीचा मधला बोल्टही दोन तुकडे होऊन बसलेला निघाला, पण तें नित्याचेंच आहे.

नव्या कमानी चढवितांना मधल्या बोल्टाचें डोकें आंसाच्या बैठकींतील भोंकांत नीट बसलें पाहिजे; न बसल्यास आंस तिरपा राहातो व गाडी खेंकड्यासारखी चालते. यू-बोल्ट नवेच घ्यावे. जुने एकदां ताणलेले असतात, त्यांची पकड पुन्हां येत नाहीं. ते चारही बाजूंनीं आळीपाळीनें थोडे थोडे आवळावे. रबरी बुश असतील तर खिळ्यांचे शेवटचे आवळणें गाडी चाकांवर उभी केल्यावरच करावें. अधांतरीं आवळलेला बुश भार पडतांच पिळवटतो व लौकर फाटतो.

यापुढची गोष्ट जरा सूक्ष्म आहे. सायकलचा पुढला फाटा सरळ खालीं न जातां तिरपा असतो. हात सोडले तरी सायकल सरळ जाते ती त्याच्या योगानें. जीपच्या पुढल्या आंसासही असाच कल दिलेला असतो, व तो ३ अंशांचा आहे. मूळच्यापेक्षां अधिक फुगीर कमान घातली, अगर शॅकल लांब केले, कीं हा कल बिघडतो. मग सुकाणूं परत सरळ येत नाहीं व विशिष्ट वेगास पुढलीं चाकें थरथरूं लागतात. आंस व कमान यांमध्यें योग्य अंगानें बारीक पाचर घालून कल सुधारतां येतो, पण मुळांत मापाची कमान आणणें हें बरें. दोन्ही चाकांचीं पुढलीं अंगें मागल्यापेक्षां किंचित् जवळ, ३/६४ ते ३/३२ इंच, असावीं लागतात. हेंही शेवटीं मापून घ्यावें.

हल्लीं तरुण मंडळींत आंसाखालची कमान काढून आंसावर चढविण्याची व त्यायोगें गाडी चारपांच इंच उंच करण्याची आवड दिसते. दिसावयास गाडी रुबाबदार दिसते यांत शंका नाहीं. परंतु फिरत्या दांड्याचा व सुकाणूंच्या दांड्याचा कोन बिघडतो, भार उंचावर जाऊन वळणावर गाडी कलंडण्याचें भय वाढतें, व बांधावर तिरपें चालतांना तें अधिकच. कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें गाडीच्या मूळ बनावटींत फेरफार करण्यास मनाई आहे, व २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें त्याचा अर्थ कडकपणें लाविला आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर पांच-पांच वर्षांनीं तपासणी करून वाढवून घ्यावी लागते. मूळ मापाच्या कमानी असलेल्या जीपला त्या दिवशीं या बाबतींत कोणी हटकणार नाहीं.

आंस परत बसवून नळी जोडली कीं ब्रेकमधील हवा काढावी, सर्वांत दूरच्या चाकापासून आरंभ करून. नेमलेलें ब्रेकचेंच तेल वापरावें. एंजिनचें तेल घातल्यास आंतील रबर फुगतें व ब्रेक अडकून बसतो. पहिली फेरी मोकळ्या शेतांत, हळू घ्यावी. दोनशें मैलांनंतर यू-बोल्ट पुन्हां आवळावे. नव्या कमानीचे पाटे बसतात तसे ते ढिले पडतात, व ही दुसरी आवळणी नव्वद टक्के लोक विसरतात, असा आमचा समज आहे. आम्हीही विसरलों असतों, पण पुतण्यानें गोठ्याच्या दारावर खडूनें तारीख लिहून ठेविली होती.

आमची जीप आतां सरळ थांबते. जुने पाटे गांवीं आलेल्या घिसाड्यानें मागून नेले. जीपच्या पाट्याचा कोयता ऊसतोडीस चांगला टिकतो म्हणतात. त्यानें मोबदल्यांत दोन कोयते देण्याचें कबूल केलें आहे, ते अद्यापि आलेले नाहींत.